वरीलप्रमाणे नाही

सर्जनने फाइल मिटली आणि आतलं काही उडून जाऊ नये अशा बेताने तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"आजी, मी स्पष्टच बोलतो."

"स्पष्ट बोला, पण आजी म्हणू नका. मी लग्नच केलं नाही, नातवंडं कुठून आणू?"

शेजारच्या खुर्चीवरून भाचीने आत्याचा गुडघा दाबला. गप्प बस, असा त्याचा अर्थ. आत्या बासष्ट वर्षांची. अडतीस वर्षं एकाच छापखान्यात मुद्रितं तपासत आलेली. पाठ्यपुस्तकं, भजनांच्या वह्या, औषधांच्या खोक्यांतली घडीची पत्रकं, जे छापायला येईल ते आधी तिच्या डोळ्यांखालून जायचं. भाची तिच्या भावाची मुलगी, शाळेत गणित शिकवायची. गेल्या महिन्यात आत्या पिवळी पडली, तेव्हापासून शाळेतून सुटली की ती थेट इथे.

सर्जन तसा भला माणूस होता. त्याने कोऱ्या कागदावर चित्र काढलं. "ही यकृतातून पित्त खाली आणणारी नळी. तिच्या खालच्या टोकाला गाठ झाली, पित्त तुंबलं, म्हणून कावीळ आणि ती खाज. दुर्बिणीतून आपण नळीत स्टेंट घातला, पित्त वाहतं झालं. तिथला तुकडा तपासला, तो कर्करोग निघाला. एवढंच असतं तर मी काढून टाकलं असतं. पण इथे बघा, हे स्वादुपिंड. त्याच्या शेपटीत, पार डावीकडे, स्कॅनमध्ये दुसरी गाठ दिसली. सुईने तिचाही तुकडा घेतला. तीही तीच."

"तीही तीच म्हणजे?"

"नळीतला रोग तिकडे पोचला. पसरलेल्या रोगावर आम्ही सुरी चालवत नाही, त्याचा उपयोग नसतो. सोमवारपासून शिरेतून औषध सुरू करू."

"त्याने जाईल?"

"थोपवू. थोपेल तितके दिवस."

"आणि पसरला नसता तर?"

"तर आज मी तुम्हाला ऑपरेशनची तारीख दिली असती," सर्जन म्हणाला, आणि हलक्या आवाजात पुढे म्हणाला, "पण पसरलाय, बाई."

घरी आल्यावर भाची स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. आत्याला ते ऐकू येत होतं, पण तिने हाक मारली नाही. माणसाला कधीकधी नळाच्या आवाजाआड एकटं राहू द्यावं लागतं. ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसली, चष्मा पुसला आणि तुकड्यांच्या तपासणीचा अहवाल उघडला. आपल्या मरणाचा कागद म्हणून ती तो वाचत नव्हती. समोर आलेला मजकूर जसा वाचायचा तसाच ती तो वाचत होती: एकेक शब्द, बोट खाली धरून.

नमुना एक, पित्तनलिका. पेशी वेड्यावाकड्या, लहानमोठ्या, केंद्रकं फुगलेली, मोडक्या ग्रंथींसारखी रचना. निष्कर्ष: ग्रंथीजन्य कर्करोग.

नमुना दोन, स्वादुपिंडाची शेपटी. पेशी गोल, एकसारख्या, ओळींनी आणि पुंजक्यांनी मांडलेल्या, केंद्रकांतले कण बारीक व सारखे. निष्कर्ष: वरीलप्रमाणे.

आत्याचं बोट तिथे थांबलं.

"अगं, इकडे ये जरा."

भाची पदराने तोंड पुसत आली. "काय?"

"हे वाच. वर लिहिलंय वेड्यावाकड्या. खाली लिहिलंय गोल आणि एकसारख्या. आणि निष्कर्ष म्हणे वरीलप्रमाणे. कशाच्या वरीलप्रमाणे? माझ्या कपाळाच्या?"

"आत्या, ती डॉक्टरी भाषा आहे. तिच्यात तू शुद्धलेखन नको काढूस."

"शुद्धलेखन नाही काढत. अर्थ काढतेय. आणि तो निघत नाहीये."

आता 'वरीलप्रमाणे' या शब्दाशी आत्याचं जुनं वैर होतं. छापखान्यात सगळ्यांना ते ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी तापाच्या औषधाचं एक पत्रक आलं होतं. मोठ्यांची मात्रा: दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. त्याखाली लहान मुलांची मात्रा: वरीलप्रमाणे. कंपनीच्या माणसाने सही केली होती, डॉक्टरने केली होती, यंत्रावर कागद चढला होता. आत्याने यंत्र थांबवायला लावलं. "वरीलप्रमाणे लिहिणारा खालचं वाचत नाही," असं ती तेव्हा म्हणाली होती, आणि त्या दिवसापासून तिच्या टेबलावर हा शब्द आला की त्याभोवती लाल गोल पडायचा आणि समासात तीन शब्द: मूळ प्रत पाहावी. अक्षरांचे ठसे जुळवणारे जुळारी तिला पाठीमागे 'पूर्णविरामबाई' म्हणत, कारण तिच्यापुढे वाक्य संपायचं. तिला ते कळलं होतं आणि आवडलंही होतं.

"आत्या, ऐक," भाची समोर बसली. "बाबांच्या वेळी आठवतं का? शेवटचे चार महिने आपण किती डॉक्टरांच्या दारात बसलो. प्रत्येकाने थोडी थोडी आशा दिली. बाबांना निवांत झोपसुद्धा मिळाली नाही गं. मला तुझं तसं नाही करायचं."

आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीला मरणाची भीती होती, पण त्याहून जास्त आशेची. "मी आशा नाही मागत आहे, बाळा. मी फक्त विचारतेय, की हे वाक्य लिहिताना कोणी खाली पाहिलं होतं का?"

"आणि सोमवारचं औषध?"

आत्याने अहवाल मिटून पिशवीत ठेवला. खरं सांगायचं तर तिलाही धीर होत नव्हता. छापखान्यात ती वाघीण होती, पण इस्पितळात अंगावर तो मागून बांधायचा झगा चढला की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

रविवारी संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे निरूपणाला गेली. सभागृहातली तिसरी रांग, भिंतीकडची खुर्ची. निरूपणकार म्हातारे होते, गळा थोडा फाटलेला, पण गाऊ लागले की शब्द अंगावर यायचे. त्या दिवशी त्यांनी देवाशी भांडणाऱ्या एका बाईची कथा लावली होती. बाई म्हणते, देवा, मी हे मान्य करणार नाही. सगळे लोक कानांवर हात ठेवतात, देवाला असं बोलतात का? निरूपणकारांनी चाल थांबवली, टाळ खाली ठेवले आणि साध्या आवाजात विचारलं, "का हो, भांडायला काय करावं लागतं? जवळ यावं लागतं. दुरून भांडता येत नाही. जी भांडायला आली, ती जवळ आली. आणि जो हात जोडून लांब उभा राहिला, तो लांबच राहिला." आणि पुन्हा स्वर लावला.

आत्याचे डोळे भरून आले. तिने देवाकडे आयुष्य मागितलं नाही. तिने मागितलं ते एवढंच, की उद्या माझा आवाज खाली जाऊ देऊ नकोस.

सोमवारी नऊ वाजता ती इस्पितळात पोचली, पण औषधाच्या वॉर्डात गेली नाही. तळमजल्याच्या शेवटच्या टोकाला, जिथे रुग्ण कधी जात नाहीत, तिथे तपासणीची प्रयोगशाळा होती. दाराशी काचेची खिडकी, आत पांढऱ्या कोटातला तंत्रज्ञ.

"रिपोर्ट वरच्या काउंटरवर मिळतात," तो मान वर न करता म्हणाला.

"मिळालाय. परत करायला आले."

"रिपोर्ट परत घेत नाहीत."

"मग बदलून द्या."

आता त्याने मान वर केली. "बाई, हे काही कापडाचं दुकान नाही."

"कापडाच्या दुकानात निदान घडी उलगडून दाखवतात."

मागे उभी असलेली भाची खाली बघून ओठ चावू लागली. हसू येतंय की रडू, हे तिचं तिलाच कळेना. आवाज ऐकून आतून पॅथॉलॉजिस्ट बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा डोक्यावर, हातात अर्धा प्यालेला चहा. आत्याने अहवाल पुढे केला. त्यावर लाल गोल होता आणि समासात तीन शब्द.

डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "हे कोणी केलं?"

"मी."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी वाचणारी आहे."

"वीस वर्षांत माझ्या रिपोर्टवर कोणी लाल पेन चालवलेलं नाही."

"मग वीस वर्षांत तुम्हाला कोणी वाचलंच नसेल," आत्या म्हणाली. आवाज थरथरला, पण खाली गेला नाही. "सगळ्यांनी शेवटची ओळ पाहिली असेल. मी वरच्याही वाचल्या. तुम्ही फार नीट लिहिता, बाई. म्हणूनच आले. इतकं नीट पाहणारी बाई खाली वरीलप्रमाणे कसं लिहील?"

डॉक्टरीणबाईंनी अहवाल पुन्हा वाचला, या वेळी सावकाश. मग चहाचा कप खिडकीत ठेवला आणि तंत्रज्ञाला म्हणाल्या, "दोन्ही स्लाइड काढ. मला आणि यांना आत बसू दे."

आत दोन नळ्यांचं सूक्ष्मदर्शक होतं, दोघांनी एकाच वेळी पाहायचं. आत्याने डोळा लावला. आधी गुलाबी धुकं दिसलं, मग ते स्थिर झालं. "हा नमुना एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"जुळाऱ्याच्या हातून ठशांची पेटी पडली की असं होतं," आत्या म्हणाली. "एकावर एक, आडवे, उलटे."

"आता दोन."

काच सरकली. गोल, छोटे, नेटके ठिपके, ओळीने बसलेले. "हे कोणीतरी जुळवून ठेवलेत. बाई, हा ठसाच वेगळा आहे. मला पेशी कळत नाहीत, पण वेगळा ठसा मला अंधारातही कळतो."

भाची दारातच उभी होती. तिला काही दिसत नव्हतं, पण तिने डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहिला आणि ती दोन पावलं आत आली.

डॉक्टरीणबाईंनी ड्रॉवरमधून तपासणीची मूळ मागणी काढली. सर्जनच्या खात्याकडून आलेल्या त्या कागदावर एक ओळ होती: नळीचा रोग स्वादुपिंडात पसरल्याची खात्री करावी. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "हे बघा. वर्णन मी माझ्या डोळ्यांनी लिहिलं. निष्कर्ष या ओळीने लिहिला, आणि खाली सही मी केली." त्या स्वतःवरच चिडल्या होत्या. "अशा दोन निरनिराळ्या गाठी एकाच माणसात, एकाच वेळी, मी पुस्तकात वाचल्यात. या टेबलावर कधी आल्या नव्हत्या. त्यामुळे या वेळी आल्या असतील, हे मनालाही शिवलं नाही."

"म्हणजे पसरलेला नाही?" भाचीने विचारलं.

"घाई करू नका. डोळा फसवतो, आत्ताच पाहिलंत ना. दोन्ही नमुन्यांचे नवे पातळ काप काढू, त्यांना खास रंग लावू. शरीरात संप्रेरकं बनवणाऱ्या पेशी असतात. दुसरी गाठ त्यांची असेल तर ती तपकिरी होईल. तशी गाठ हळू वाढते, आणि तिचा नळीतल्या रोगाशी काही संबंध नसतो. नसेल, तर निळीच राहील. गुरुवारी कळेल."

"निळीच राहिली तर?"

"तर मी लिहिलेलं बरोबर, आणि तुमचे चार दिवस फुकट गेले."

"देवाने दिलेले दिवस फुकट जात नसतात," आत्या म्हणाली. "लावा रंग."

दुपारी सर्जनचा भाचीला फोन आला. आवाजात राग कमी आणि काळजी जास्त होती. "तुमच्या आत्या औषधाला आल्या नाहीत. एकेक दिवस महत्त्वाचा असतो, तुम्ही शिकलेल्या आहात, त्यांना समजवा."

भाची नेहमी अशा वेळी 'सॉरी सर' म्हणायची. या वेळीही तोंडात तेच आलं होतं. तिने आत्याकडे पाहिलं. आत्या पलंगावर पाय पसरून मुद्रितं तपासत होती. छापखान्याने सुट्टी दिली असतानाही तिने ती मुद्रितं मागवून घेतली होती.

"सर, ती गुरुवारपर्यंत येणार नाही," भाची म्हणाली. "आणि मी तिला समजावणारही नाही. प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी चाललीय. तुम्ही खाली जाऊन दुसरी स्लाइड स्वतः पाहा."

तिने फोन ठेवला. "मी सर्जनला हुकूम दिला," ती म्हणाली.

"दिलास खरा," आत्या मान वर न करता म्हणाली. "पण 'पाहा'च्या पुढे 'कृपया' हवं होतं."

मंगळवार आणि बुधवार कसे गेले ते त्या दोघींनाच माहीत. खाज पुन्हा थोडी जाणवली की भाची आत्याचे डोळे तपासायची, पिवळे झालेत का. आत्या म्हणायची, "सारखं डोळ्यात बघू नकोस, मला लाज वाटते." पण रात्री जेवताना तिचाही घास हातातच राहायचा. चूक माझी असली तर? चार दिवस रोगाला दिले असले तर? तिने हे भाचीला बोलून दाखवलं नाही. जे बोलायचं ते तिने देवाला सांगितलं, आणि त्याच्याशीही जरा भांडलीच.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी त्यांना खाली बोलावलं. खुर्ची आधीच सरकवून ठेवली होती. आत्याने डोळा लावला. पहिली काच निळी. दुसरी काच सरकली, आणि ओळीतला प्रत्येक ठिपका तपकिरी होता, एकही सुटला नव्हता.

"दोन आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन वेगळे रोग, शेजारी शेजारी. एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत." त्यांनी नवा अहवाल पुढे केला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: सुधारित अहवाल. आधीच्या निष्कर्षात माझी चूक होती. खाली सही.

आत्याने ती ओळ वाचली आणि डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. असं लिहायला किती बळ लागतं, हे तिला ठाऊक होतं. अडतीस वर्षांत असं लिहून देणारे लेखक तिने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले होते.

शुक्रवारी डॉक्टरांची बैठक झाली आणि त्यानंतर सर्जनने दोघींना बोलावलं. या वेळी फाइल उघडी होती.

"एका गाठीने मला दुसरी दिसू दिली नाही," तो सरळच म्हणाला. "मी ज्याची खात्री मागितली, ती मला मिळाली. बाई, माझं चुकलं."

"आता?" आत्याने विचारलं.

"आता ऑपरेशन करता येईल. पण सोपं समजू नका. नळीसाठी स्वादुपिंडाचं डोकं काढावं लागेल, आणि दुसऱ्या गाठीसाठी शेपटी. मधला तुकडा वाचला तर ठेवीन. नाही वाचला तर सगळंच जाईल, मग जन्मभर इन्सुलिन आणि प्रत्येक घासाबरोबर गोळी. सहासात तास लागतील. यातून काहीजण उठत नाहीत, हे मी लपवणार नाही. तुमच्या वयात कोणी म्हणालं की मला नको, औषधच द्या, तर मी त्यालाही चूक म्हणणार नाही."

भाचीने आत्याकडे पाहिलं. गेल्या शुक्रवारी तिने तिला गप्प बसायला सांगितलं होतं. आज तिने हात मांडीवरच ठेवला.

"डॉक्टर," आत्या म्हणाली, "देवाने दोन रोग दिले, ते त्याचं त्याला माहीत. पण दोन आहेत हे कळल्यावर मी ते एक आहेत असं समजून घरी बसणार नाही. मेले तर काढताना मरेन. तारीख द्या."

सर्जनने कॅलेंडर उघडलं. बुधवार, सकाळी आठ.

त्या बुधवारी भाची साडेसात तास एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. दुपारी साडेतीनला सर्जन टोपी काढत बाहेर आला. डोळे थकलेले होते, पण त्याने आधी अंगठा आणि तर्जनी थोडी दूर धरून दाखवली. "एवढा मधला तुकडा वाचला. दोन्ही गाठी अख्ख्या निघाल्या." भाची उभी राहिली आणि परत बसली.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. परिचारिका एकमेकींकडे पाहू लागल्या, कारण त्यांना वरच्या मजल्यावर कोणी कधी पाहिलं नव्हतं. खुर्ची पलंगाजवळ ओढून त्यांनी शेवटचा अहवाल स्वतः मोठ्याने वाचून दाखवला, एकेक शब्द. शेपटीतली गाठ पूर्ण निघाली होती, कडा स्वच्छ. नळीतलीही. मग त्या थांबल्या.

"वाचा," आत्या म्हणाली. पोटात नळ्या होत्या, आवाज बारीक झाला होता.

"नळीच्या आसपासच्या अठरा रसग्रंथी काढल्या. त्यांतल्या दोन ग्रंथींत नळीचा रोग पोचला होता."

भाचीचा चेहरा पडला. पुन्हा तोच 'पोचला', पुन्हा तीच भीती. "म्हणजे सगळं परत पहिल्यासारखंच," ती पुटपुटली.

"कसं पहिल्यासारखं?" आत्याने मान वळवली. "गणित शिकवतेस ना? अठरांतून दोन गेल्या, किती राहिल्या?"

"सोळा."

"त्या सोळांत काय आहे, बाई?"

"काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी प्रत्येक दोनदा पाहिली."

"मग त्या दोघींसाठी औषध. किती महिने?"

"साधारण सहा. ते सर्जन आणि औषधाचे डॉक्टर मिळून ठरवतील. ते घेऊनही रोग परत येणार नाही असं मी म्हणू शकत नाही."

"म्हणूही नका. न पाहता कोणी काही म्हणू नये." आत्याने डोळे मिटले. भाचीला वाटलं, तिला झोप लागली. पण ओठ हलत होते. कृतज्ञता होती की भांडण, कोण जाणे. तिच्या बाबतीत ती दोन्ही एकाच चालीत निघायची. मग तिने डोळे उघडले आणि पांघरूण बाजूला केलं. "सहा महिने शिरेत औषध घ्यायचंय, तर पायांत बळ पाहिजे. उठव मला."

भाचीने एका बाजूने धरलं, परिचारिकेने दुसऱ्या. सलाइनचा खांब सोबत निघाला. पहिल्या पावलाला आत्याच्या कपाळावर घाम फुटला, दुसऱ्याला तिने दात आवळले. डॉक्टरीणबाई खुर्ची मागे घेऊन वाट देऊन उभ्या राहिल्या. पलंग, खिडकी, हात धुण्याचं बेसिन, आणि मग दार.

"बाई, आज इथपर्यंतच चालायचं सांगितलंय," परिचारिका म्हणाली.

"कोणी?" आत्याने विचारलं, आणि उंबरठा ओलांडला.